आपली रिंग, त्यांची रिंग

आधीच सांगून ठेवते, माझा बॉल पडतो.

नववीत मुकुटबनहून यवतमाळला कुंदाआत्याकडे शिकायला आले, तेव्हा मी वाकून चालायचे. वर्गात सगळ्यांत उंच मीच, त्यामुळे मान खाली घालून चालायची सवयच लागली होती. आमची शाळा कॉलेजला जोडून आहे आणि मैदान एकच. तिथे चारुदत्त सरांनी मला पाहिलं आणि लांबूनच ओरडले, "ए उंच! अशी पैसे सांडल्यावानी काय चालतं वं? इकडं ये." त्यांनी हातात बास्केटबॉल दिला आणि माझी मान जी वर झाली ती झाली. आता मी अकरावीत आहे, कॉलेजच्या टीममध्ये आहे, आणि थ्री पॉइंट लाइनच्या बाहेरून फेकते तेव्हा बॉल नेटमधून असा सुळकन जातो की रिंगला पत्ताही लागत नाही.

म्हणजे यवतमाळात असा जातो.

यंदा ऑगस्टमध्ये आम्ही अमरावतीला सरावाच्या मॅचला गेलो. तिथे मी फेकलेला एकेक बॉल रिंगच्या पुढच्या कडेवर आपटून माझ्याकडेच परत आला. मी जोर लावला, वाकून फेकला, देवाचं नाव घेऊन फेकला. काही नाही. परतीच्या एसटीत मी खिडकीला डोकं टेकून बसले होते. आमची कॅप्टन सुरभी शेंगदाणे खात होती.

"रडू नको," ती म्हणाली. "त्याईनं रिंग वर करून ठेवली असन. दरवर्षीच करते ते लोकं."

"म्हणजे मुद्दाम?"

"नाई तं काय. अमरावतीची रिंग म्हणतात तिले. माझ्या सिनियरनं मले सांगतलं, तिच्या सिनियरनं तिले."

आमच्या टीममध्ये नव्या मुलीला तीन गोष्टी सांगतात. नखं कापून ये, पाण्याची बाटली स्वतःची आण आणि अमरावतीवाल्यांवर विश्वास ठेवू नको. कारण आम्ही जिल्ह्याची फायनल जिंकतो, ती आमच्याच मैदानावर असते. मग विभागाच्या स्पर्धेला अमरावतीला जातो आणि पहिल्याच मॅचमध्ये मार खाऊन येतो. दरवर्षी. मला तेच मोडायचं होतं. अमरावतीला जाऊन माझा बॉल पडला पाहिजे. बाकी मला काही नको होतं, अकरावीला विज्ञान घेतल्याचा पश्चात्तापसुद्धा मी पुढच्या वर्षावर ढकलला होता.

मी सुरभीवर विश्वास ठेवला आणि अमरावतीच्या त्या मैदानाचा वॉचमन डोळ्यासमोर आणला. मॅचभर तो शिडीला टेकून उभा होता. शिडी! कायले हवी त्याला शिडी?

पण मग वर्ध्याला गेलो. तिथेही माझे बॉल तोकडे पडले. मग नागपूरला, तिथेही. आता अख्खा विदर्भ आमच्यासाठी शिड्या घेऊन फिरतो का? वर्ध्याच्या पोरी तर इतक्या भोळ्या होत्या की मॅचनंतर त्यांनी आम्हाला चिवडा दिला. मला झोपच येईना. मी स्वतःच्या दंडावर संशय घेतला, बॉलमधल्या हवेवर घेतला, प्रवासात खाल्लेल्या वड्यावरही घेतला. शेवटी एक अगदी वाईट शंका आली आणि ती मी आठवडाभर कोणालाच सांगितली नाही.

त्या शंकेला सुरुवात आत्यामुळे झाली.

आत्या ऐंशीच्या दशकात याच कॉलेजकडून खेळायची. नंतर तिला नोकरी लागली आणि त्याच गावात राहूनही ती मैदानाकडे कधी फिरकली नाही. "काम काय तिथं?" म्हणते. त्या दिवशी ती ओसरीत बसून अंबाडीची भाजी निवडत होती आणि मी तिच्यासमोर माझी फुशारकी मारत होते.

"आत्या, आज उडी मारून मी नेटला हात लावला. सुरभी तर रोजच लावते."

आत्याचा हात थांबला. "नेटले?"

"हो मग!"

"खोटं नको बोलू. आमच्या टीममध्ये सत्यभामा होती, तुझ्याहून बोटभर उंच. विहिरीवर पोहणारी पोरगी, उडी तं अशी मारे की बाप्पा! तिचं बोट कधी नेटले लागलं नाई."

"तेव्हा तुम्ही सलवार-कुडत्यात खेळायच्या. अंगात ताकद कुठून येणार?"

"तोंड पाह्य!" आत्याने अंबाडीचा देठ मला फेकून मारला. "मुरमाचं मैदान होतं आमचं. खेळाच्या आधी आम्हीच पाणी शिंपडो, आम्हीच फक्कीनं लाइनी आखो. लाकडी बोर्ड, पावसात फुगून जाय. तुमचे ते चोवीस सेकंद-बिकंद काही नव्हते. मनात आलं तं बॉल हातात धरून निवांत इकडून तिकडं पास करत राहा. शेवटच्या वर्षी ते तीन पॉइंटची लाइन आली. सरनं आखून देल्ली, पण तिच्या बाहेरून फेकाले एकही पोरगी तयार होईना. इतक्या दूरून का कोणी बॉल फेकते? पागल समजो आम्ही."

"आणि आता बघ, मी तिथूनच फेकते."

"तेच तं," आत्या म्हणाली. "आमच्यापेक्षा तुम्ही चांगल्याच आहात. टीव्हीवर पाहून शिकता, बूट चांगले. आम्ही आपल्या घरच्याच मैदानावर कितीकदा हरलो." ती पुन्हा भाजीकडे वळली, पण तिचा आवाज थोडा पडला होता. मग उगाच म्हणाली, "अमरावतीले मात्र एकदा जिंकून आलतो."

मला भाजीत रस राहिला नाही. आत्याची टीम घरी हरायची आणि अमरावतीला जिंकून आली. आम्ही घरी जिंकतो आणि अमरावतीला हरतो. सत्यभामा माझ्याहून उंच आणि तिचं बोट नेटला लागत नव्हतं. एक तर आत्या थापा मारत होती, नाही तर...

दुसऱ्या दिवशी मी चारुदत्त सरांना म्हटलं, "सर, शिडी पाहिजे होती."

सर आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक आहेत. पुढच्या वर्षी रिटायर होणार. स्वभाव मोकळा, आवाज मोठा. पण त्या दिवशी त्यांचा आवाज एकदम लहान झाला.

"कायले?"

"नेटचा दोरा सुटलाय."

सरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "राहू दे. फायनल झाल्यावर पाहू." आणि जाताना त्यांनी स्टोअर रूमला कुलूप लावलं. मी तीन वर्षांत त्या दाराला कुलूप पाहिलं नव्हतं, आत होतं तरी काय, फाटके बॉल आणि ती शिडी.

मग मी सरांवर नजरच ठेवली. सकाळी सरावाच्या आधी लवकर पोचले आणि वडाच्या झाडामागे उभी राहिले. सर एकटेच रिंगखाली उभे होते. त्यांनी हात वर केला, पंजा ताणला, टाचा उचलल्या आणि वर पाहत राहिले. मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मी दिसताच तो वर केलेला हात त्यांनी हळूच डोक्यावर आणला आणि केस खाजवले.

"लवकर आली वं आज?"

"तुम्हीपण, सर."

तोपर्यंत माझा संशय अर्धामुर्धा होता. त्या खाजवण्याने तो पक्का झाला.

मोजायचं तर होतं, पण शिडीशिवाय कसं? त्या संध्याकाळी मी आत्याच्या मागेच लागले. "चल ना मैदानावर. तुझ्या काळातलं काय काय उरलंय ते तरी दाखव." आत्या नाही नाही म्हणत शेवटी चप्पल घालून निघाली. आणि मी आमची जळमटं काढायची लांब काठी सोबत घेतली. रस्त्यावर लोक बघत होते.

"हे कायले?" आत्याने विचारलं.

"कुत्रे असतात."

मैदान रिकामं होतं. दोन वर्षांपूर्वी टाकलेलं निळं-हिरवं सिंथेटिक संध्याकाळच्या उन्हात चमकत होतं. आत्या कडेला थबकली, चप्पल काढली आणि अनवाणी आत गेली. पायाने दाबून पाहिलं.

"गादीच टाकली म्हणा की. आमचे तं गुडघे सोलून निघत." मग ती सरळ उत्तरेकडच्या खांबाकडे चालू लागली. "हे खांब तेच हायेत! आमच्या पहिल्या वर्षी बसवले. त्याच्या आधी सागाचे होते. अन् इथं एक हूक होता बघ, ओढण्यांचा."

"ओढण्यांचा?"

"प्रिन्सिपल मॅडमचा नियम होता. गेटपासून मैदानापर्यंत ओढणी अंगावर पाहिजे, खेळाच्या वेळेस इथं अडकवाची. सगळ्याईच्या ओढण्या एकाच हुकाले. खेळ संपला की ओढण्याईची नुसती मारामारी. सत्यभामा हमेशा माझीच घेऊन जाय."

ती खांबाच्या मागे गेली आणि तिथेच थांबली. मी जाऊन बघितलं. हूक होता. दरवर्षीच्या रंगाचे थर बसून बोटासारखा जाड झाला होता. आत्या त्याच्याजवळ उभी होती, हात खांद्याशी नेलेला, पण हूक होता तिच्या छातीशी.

"हा माझ्या खांद्याशी होता," ती म्हणाली. "बरोबर खांद्याशी. मी अशी उभी राहून, न पाहता, मागच्या मागे ओढणी अडकवो." तिने तसं करून दाखवलं. तिचा हात हुकाच्या वर, नुसत्या खांबावर आपटला. "म्हातारपणात माणूस बुटकं होते म्हणतात. मी उंच झाली का वं भैरवी?"

मी खाली पाहिलं. खांब निळ्या जमिनीत शिरला होता. आत्याच्या वेळी तिथे मुरूम होता. मग मुरमावर काँक्रीट पडलं. ते तडकलं म्हणून त्याच्यावर आणखी काँक्रीट पडलं. आणि सिंथेटिकच्या वेळी खाली पुन्हा एक थर, मी स्वतः बघितला होता, आम्ही त्यात पायाचे ठसे उमटवले म्हणून शिव्याही खाल्ल्या होत्या. प्रत्येक वेळी जमीन वर आली. लाकडी बोर्ड गेले, फायबरचे आले, पण ते बसवले जुन्याच भोकांत. खांब तेच, भोकं तीच. रिंग कोणी खाली आणलीच नव्हती. आम्हीच वर चढलो होतो.

आत्याच्या पिशवीत शिवणाची टेप असतेच. ती काठीला बांधली, काठी रिंगला टेकवली. रिंग पाहिजे दहा फुटांवर. आमची एक वीत कमी भरली. आत्याने स्वतःची वीत लावून बघितली, मग माझी.

आमची! अमरावतीची रिंग बरोबर होती, नागपूरची बरोबर होती, चिवडेवाल्यांची बरोबर होती. जगात चुकलेली रिंग एकच, जिच्यात माझा बॉल पडतो.

मी तिथेच खाली बसले. आत्या मात्र काठी हातात धरून उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला आधी कळलंच नाही.

"म्हणजे," ती हळूच म्हणाली, "आम्ही काही इतक्या वाईट नव्हतो."

दुसऱ्या दिवशी मी टीमला सांगितलं. मला वाटलं होतं, सगळ्या चकित होतील. सुरभीने फक्त बुटाची नाडी बांधली.

"फायनल शनिवारी हाय," ती म्हणाली. "सोमवारी सांग."

"पण अमरावतीला गेल्यावर..."

"अमरावतीले जाऊ तं द्या आधी! माझं शेवटचं वर्ष हाय, भैरवी. तुले अजून एक हाय, म्हणून तुले खरं-खोटं सुचून राह्यलं. वणीची टीम यंदा चांगली आहे. आपली रिंग वर केली तं आपल्याच रिंगमध्ये आपला बॉल पडणार नाई."

"पडतो तरी आपला आहे का तो?"

"मोठी आली!" सुरभी उठली. "चार दिवस झाले मान वर करून, अन् आता आम्हाले शिकवते."

ते लागलं मला. खूप. पण मी सरांकडे गेले. सर ऑफिसात शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले होते. मी टेप काढली. सरांनी ती बघितली आणि मला बोलूच दिलं नाही.

"पहिला थर मी येच्या आधीचा," ते म्हणाले. "दुसरा माझ्यासमोर पडला. सिंथेटिक तं माझ्याच अर्जानं आलं. तवाच मनात आलतं."

"मग मोजलं का नाही?"

"मोजलं असतं तं सांगा लागलं असतं." त्यांनी दोरी सोडली, पुन्हा गुंडाळली. "इतक्या ट्रॉफ्या हायेत त्या कपाटात. तुले वाटते मी झोपत असन?"

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही, कारण वडाच्या झाडामागून मी जे बघितलं ते आठवलं. तेही माझ्यासारखेच संशय घेऊन फिरत होते, फक्त त्यांनी काठी आणली नव्हती.

शुक्रवारी सरांनीच वेल्डर बोलावला. बोर्डामागे लोखंडी पट्ट्या जोडून दोन्ही रिंगा वीतभर वर गेल्या. सरांनी स्पर्धेच्या लोकांना आणि वणीच्या सरांना "रिंगची दुरुस्ती झाली" एवढंच कळवलं. संध्याकाळी आम्ही सराव केला. धप. धप. एकही पडेना. टीममधलं कोणी माझ्याशी बोललं नाही. पाणीसुद्धा मी माझंच प्यायले, पण ते नियमातच आहे.

शनिवारी मैदानाभोवती कॉलेज लोटलं होतं. आत्या पहिल्या रांगेत, मांडीवर काठी घेऊन. मी कितीदा सांगितलं काठी आणू नको म्हणून.

पहिला क्वार्टर इतका वाईट झाला की लोक हसायला लागले. आमचे बॉल तोकडे पडत होते, हे तर होणारच होतं. पण वणीचेही तोकडे! त्यांची कॅप्टन गौरी, जिचा नेम मी स्वतः पाहिला होता, तीही बोर्डाच्या खाली मारत होती. क्वार्टर संपला आणि गौरी तडक पंचांकडे गेली.

"सर, याईच्या रिंगमध्ये काहीतरी गडबड हाय! हे रिंग वर केली!"

"आम्ही?" मी मध्येच बोलले.

"नाई तं काय! यवतमाळची रिंग खाली असते, सगळ्याईले माहीत हाय. आमच्या सिनियरनं सांगतलं आम्हाले. इथं येच्या आधी आठवडाभर आम्ही हलका हात करून फेकतो. अन् आज तुम्ही वर करून ठेवली!"

यवतमाळची रिंग. अमरावतीत, वर्ध्यात, वणीत, सगळीकडे नव्या पोरींना नखं कापायला सांगताना हेही सांगत असतील. आम्ही एसटीत बसून त्यांच्यावर संशय घेत होतो आणि ते त्यांच्या एसटीत बसून आमच्यावर.

पंच म्हणाले, मोजा. आत्या काठी घेऊन उठलीच होती. टेप पंचांनी वाचली, मग दोन्ही कॅप्टननी. दहा फूट, बरोबर.

"आज बरोबर हाय," गौरी म्हणाली. ती मूर्ख नव्हती. "मंग आधी किती होती?"

सुरभी माझ्याकडे बघत नव्हती, ती जमिनीकडे बघत होती. सर शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत होते.

"वीतभर खाली होती," मी म्हटलं. मोठ्याने, मागच्या रांगेलाही ऐकू जाईल असं. "बरीच वर्षं. मैदान वर आलं, रिंग तिथंच राहिली. आम्हाला या आठवड्यात कळलं, आणि आम्ही केली वर."

मागून कोणीतरी "ओ भैरवी, घरचीच हाय ना तू?" म्हणून ओरडलं. लोक हसले. मी मान खाली घातली नाही. घालावीशी वाटली, पण नाही घातली.

"थांबा जरा," सर पुढे आले. "पोरीले काही बोलू नका. मैदान माह्या ताब्यात हाय. चूक माही."

मग खेळ सुरू झाला आणि दुसऱ्या क्वार्टरपासून वणीचे बॉल पडायला लागले. त्यांना फक्त आपली घरची रिंग आठवायची होती. आम्हाला आठवायला काहीच नव्हतं. सुरभीने रिंगखाली घुसून घुसून पॉइंट काढले, गुडघा सोलला, एकदा तर तिघींच्या मधून निघाली. मी लाइनबाहेरून फेकत राहिले. शेवटी शेवटी एक पडला. एकच. पण तो पडला तेव्हा मला कळलं की तो माझा आहे.

आम्ही हरलो. अमरावती गेली. गौरी जाताना माझ्या हातावर टाळी देऊन गेली. सुरभीने कोणालाच टाळी दिली नाही.

सोमवारी मी मैदानावर गेले तेव्हा वाटलं, कोणी नसेल. सुरभी होती. एकटीच, गुडघ्याला पट्टी बांधून, फ्री थ्रो लाइनवर. बॉल रिंगवर आपटून माझ्याकडे आला.

"मी तुले माफ नाई केलं," ती म्हणाली.

"मला माहीत आहे."

"सिनियर कॉलेजले गेली की मी अमरावतीले जाईनच. तवा पाह्यजो." तिने हात पुढे केला. "दे इकडं. अन् तिथं उभी कायले हाय खांबाजवळ?"

"काही नाही."

खरं तर मी हुकाजवळ उभी होते. सर म्हणतात, सिंथेटिक कडेने उखडतंय, रिटायर होण्याआधी नवीन टाकून घेतो. म्हणून मी आता रोज आल्या आल्या आधी खांबाला पाठ लावून उभी राहते आणि हूक माझ्या कुठे लागतो ते बघते. आज कोपराच्या जरा वर लागला. शनिवारीही तिथेच होता. मी माझा टॉवेल त्याला अडकवला आणि बॉल सुरभीकडे फेकला.